मेश्रामबाईंनी नापास केलेली जादू

वंदना मेश्राम हे नाव फक्त हजेरीपटावर होतं. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात त्यांना सगळे मेश्रामबाईच म्हणायचे, आणि जरा टरकूनच असायचे. आम्ही कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग बनवायचो. बनलेला प्रत्येक भाग बाईंच्या टेबलावरून जायचा. त्या व्हर्निअर लावून माप घ्यायच्या, तो भाग उजेडाकडे धरायच्या, नखानं कड चाचपायच्या आणि पसंत नाही पडला तर लाल रंगाचा एक ठिपका लावून बाजूला ठेवायच्या. ओरडणं नाही, उपदेश नाही. नुसता ठिपका.

वयानं तेव्हा पस्तिशीच्या असतील. शिडशिडीत, चष्म्याची एक दांडी तांब्याच्या तारेनं बांधलेली, पर्समध्ये सहा इंची स्टीलची पट्टी. लग्नाला गेल्या तर मांडवाचा खांब ओळंब्यात आहे का ते आधी बघायच्या. त्यांची आई म्हणायची, "मी थापलेल्या भाकरीले बी ही पोरगी एखाद दिवशी ठिपका लावन."

पण बाई खडूस होत्या असं कोणी म्हटलं तर मी भांडेन. चूक सापडली की त्यांचा चेहरा उजळायचा. एखाद्या शाफ्टमध्ये केसाएवढा बाक सापडला तर "पाहा, पाहा! कुठं लपला होता!" असं म्हणत त्या ज्यानं तो शाफ्ट बनवला त्यालाच आनंदानं दाखवायला धावायच्या. समोरच्याला कळायचं नाही की आपली खरडपट्टी निघतेय की बारसं होतंय.

कापसाची ती वाईट वर्षं होती. त्यात लोडशेडिंग. दुपारी बारा ते चार वीज नसायची. मशीन बंद, पंखे बंद, पत्र्याचं छप्पर तापलेलं. मी स्टोअरमध्ये कारकून होतो, मला तसंही काम कमी. बाकीचे कडुलिंबाखाली पत्ते कुटत बसायचे.

एका दिवाळीत बाईंचा धाकटा भाऊ मिलिंद पुण्याहून आला. तो तिथं इंजिनिअर होता. जाताना तो एका इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्सचा जाडजूड गठ्ठा ताईकडे विसरून गेला. बाईंनी महिनाभर डिक्शनरी घेऊन तो वाचला, आणि एका दुपारी मला, लेथवरच्या टर्नर राठोडला आणि फोरमन इंगोले मिस्त्रींना इन्स्पेक्शनच्या खोलीत बोलावलं.

"हा एक खेळ हाये," त्या म्हणाल्या. "याच्यात पट नाही, सोंगट्या नाही. एक जण गोष्ट सांगते. बाकीचे त्या गोष्टीतले माणसं होतात. कोणी तलवारवाला, कोणी चोर, कोणी जादूगार. मी सांगीन, समोर दरवाजा हाये. तुम्ही सांगा, काय करता. जमलं का फसलं ते फासा ठरवन."

"मंग जिंकते कोन?" इंगोले मिस्त्रींनी विचारलं.

"कोणीच नाही. गोष्ट पुढं जाते, बस."

"मंग खेळाचं कायले?"

बाईंनी दिवा बारीक करावा तसा आवाज खाली केला आणि म्हणाल्या, "तुम्ही तिघं पैनगंगेच्या काठानं चालले. पाणी चढून राह्यलं. मागून कोणीतरी येऊन राह्यलं, पण पाय वाजत नाही."

मिस्त्रींनी खुर्चीतल्या खुर्चीत मागं वळून पाहिलं. खेळ सुरू झाला तो असा.

पुस्तकातले बर्फाचे डोंगर आणि किल्ले बाईंनी पहिल्याच दिवशी काढून टाकले होते. आमची गोष्ट पुरात बुडालेल्या गावांत, सागवानाच्या जंगलात आणि ओसाड जिनिंगमध्ये चालायची. खेळायचो आम्ही लाकडी खोक्यावर. बाजूलाच मोजमापाचं गुळगुळीत दगडी टेबल होतं, पण त्यावर चहाचा कप ठेवणारा माणूस बाईंच्या दृष्टीनं संपलेला असायचा.

फाशाचीही गंमत झाली. खेळाला वीस बाजूंचा फासा लागायचा, आणि तसला फासा यवतमाळच्या एकाही दुकानात नव्हता. राठोडनं नायलॉनच्या रॉडमधून आठ दिवस खपून एक बनवला. लिंबाएवढा, पांढरा, आकडे कोरलेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई तो घरी घेऊन गेल्या आणि चार दिवसांनी परत आणला. त्यांनी तो शेकडो वेळा टाकून प्रत्येक आकड्यापुढे रेघा ओढल्या होत्या.

"राठोडभाऊ," त्या चमकत्या डोळ्यांनी म्हणाल्या, "सतरा जास्त येते!"

फाशावर सतराच्या बाजूला लाल ठिपका होता. राठोड मटकन खाली बसला. पण दुसऱ्याच दिवशी त्यानं नवा रॉड घेतला. तिसरा फासा पास झाला. तो पास झाल्यावर राठोडनं सगळ्या कारखान्यात फिरवून दाखवला.

आता मुख्य भानगड. इंगोले मिस्त्री जादूगार झाले होते. मिस्त्री आर्णीकडचे, बारा एकराचे मालक, नोकरी हौसेनं करतो असं सांगणारे. राठोड तलवारवाला होता आणि मी चोर. पुस्तकातल्या नियमांप्रमाणे जादूगाराला मंत्र मिळत जायचे, आणि मिस्त्रींनी एकही सोडला नाही. कुलूप आलं की मी माझं अवजार काढायच्या आत मिस्त्री म्हणायचे, "मंत्र टाकला, उघडलं." शत्रू आले की राठोड तलवार उपसायच्या आत "मंत्र टाकला, झोपले सारे." नदी आली, "मंत्र टाकला, उडालो."

पंधरा दिवसांनी एका दुपारी बाईंनी विचारलं, "राठोडभाऊ, तुम्ही काय करता?" आणि उत्तर आलं नाही. राठोड बाहेर कडुलिंबाखाली झोपला होता. केव्हा उठून गेला, आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

बाईंनी खोक्याकडे बघितलं, रिकाम्या स्टुलाकडे बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू पसरलं.

"सापडलं," त्या म्हणाल्या. त्यांनी तो झेरॉक्सचा गठ्ठा उघडला, जादूच्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर लाल ठिपका लावला आणि बंद केला. "एक माणूस सगळंच करू शकत असन, त बाकीच्यांनी कायले यायचं? ही जादू रिजेक्ट."

"अवो, छापलेलं पुस्तक हाये थे!" मिस्त्री म्हणाले.

"छापलेल्या ड्रॉइंगमधी बी चूक असते, मिस्त्री."

मग बाई झपाटल्या. पुढं वर्षभर त्या जादू दुरुस्त करत होत्या. डबा खाताना, बस थांब्यावर, बुद्धविहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर बायका गप्पा मारत असताना, त्यांच्या वहीत काही ना काही चालू असायचं. पहिल्यांदा त्यांनी सगळे मंत्र कमजोर केले. मिस्त्रींच्या आगीच्या गोळ्यानं एक गवताची गंजीही पेटेना. "याच्यापेक्षा माचिस बरी," म्हणून मिस्त्री दोन दिवस रुसले. बाईंनी कबूल केलं. "बरोबर हाये. जादू अशी पायजे का अंगावर काटा आला पायजे. कमी करून काम नाही."

दुसऱ्यांदा त्यांनी ठरवलं की प्रत्येक मंत्रानं जादूगार थकेल, त्याला झोप घ्यावी लागेल. मिस्त्रींनी एक मंत्र टाकायचा आणि घोरायचं, असं सुरू केलं. आम्ही दोघं जादूगाराच्या खाटेशेजारी पहारा देत बसलेलो. राठोड म्हणाला, "बाई, हे त घरच्यासारखंच होऊन राह्यलं. म्हातारा झोपला, आवाज नको." बाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला. पुन्हा ठिपका.

तिसऱ्या खेपेला, एका सोमवारी सकाळी, त्या गेटवरच मला भेटल्या. सायकल स्टँडला लावायचंही भान नव्हतं. "विजूभाऊ, मी उलटं मोजून राह्यली होती! जादूगाराची ताकद किती, हे मोजत बसली. ताकद त्याच्यापाशी ठेवायचीच नाही!"

"मग कुठे ठेवायची?"

"तुमच्यापाशी!"

दुपारी त्यांनी नियम सांगितला. मंत्र जादूगारालाच येणार, कितीही मोठा असो. पण मंत्राला लागणारा जोर त्याच्या अंगात नाही. तो सोबत्याकडून घ्यायचा. पूल उचलायचा असेल तर तलवारवाल्याच्या दंडातला जोर, अंधारात बघायचं असेल तर चोराची नजर. ज्यानं दिलं, त्याच्याकडे दुसऱ्या सूर्योदयापर्यंत ती गोष्ट राहणार नाही. आणि शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं, "द्यायचं का नाही, हे देणाऱ्यानं ठरवायचं. मागणाऱ्यानं नाही."

मिस्त्री मान डोलावत राहिले. त्यांना वाटलं, सोपं आहे.

त्या दिवशीची दुपार मी अजून विसरलो नाही. गोष्टीत पैनगंगा फुगली होती. पलीकडे एक गाव छपरांवर चढून बसलेलं, आणि पाण्यात काहीतरी काळं, लांब, गावाभोवती फिरत होतं. मिस्त्रींकडे पाणी थिजवण्याचा मंत्र होता. त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला.

"राठोड्या, दे तुह्या हाताचा जोर."

"नाही देत," राठोड म्हणाला.

कारखान्यात राठोडनं मिस्त्रींना "नाही" म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्यातल्या कोणीच म्हटलेलं नव्हतं.

"अबे, गाव बुडून राह्यलं!"

"बुडून राह्यलं त. हात देला का मी उघडा पडलो. थे काळं माह्यावर आलं त तलवार कायनं धरू? तुमी मले इचारलं का, मिस्त्री? तुमी त सांगतलं."

मिस्त्रींचा चेहरा लाल झाला. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई फासा हातात घोळवत होत्या. "पाणी एक हात चढलं," एवढंच म्हणाल्या. "शाळेच्या कौलावर पोट्टे हायेत. एक कौल निसटलं."

मी म्हणालो, "मिस्त्री, काहीतरी करा ना!"

"काय करू? हा देत नाही!"

"आणखी एक हात चढलं."

मिस्त्रींनी टोपी काढली. कपाळ पुसलं. मग अशा आवाजात बोलले, जो आवाज आम्ही त्यांच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. "राठोडभाऊ... दे ना बावा. माह्या एकट्यानं नाही होत."

राठोडनं आपला खराखुरा उजवा हात, ऑइलनं काळा झालेला, खोक्यावर ठेवला. "घ्या."

"पंधरा किंवा वर पायजे," बाई म्हणाल्या आणि फासा मिस्त्रींना न देता राठोडकडे सरकवला. "जोर तुमचा हाये. तुम्हीच टाका."

फासा खोक्यावरून घरंगळला, कडेला आला, पडतो की काय असं वाटलं, आणि थांबला. एकोणीस! आम्ही असे ओरडलो की अपघात झाला समजून वॉचमन धावत आला. मिस्त्री राठोडच्या पाठीवर थापा मारत होते. "थिजली! पैनगंगा थिजली बे!" आणि बाई स्टुलावर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी वीज होती. मिस्त्री लेथपाशी गेले, घुटमळले आणि म्हणाले, "राठोडभाऊ, तो रोलर आधी घेता का जरा?" राठोडच्या हातातून पाना पडला.

त्यानंतर आमच्या खोलीत गर्दी व्हायला लागली. शेजारच्या डाळ मिलमधली माणसंही दुपारची बघायला यायची. जादूगार व्हायला आता कोणी तयार नसायचं, कारण मागावं लागायचं. आणि मग अचानक सगळ्यांनाच जादूगार व्हायचं असायचं, कारण मागता येतं हे कळलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मिलिंद आला. ताईच्या नियमांबद्दल त्यानं फोनवर ऐकलं होतं. तो पुण्यात वर्षानुवर्षं खेळणारा. "ताई, एका दुपारी तुझी सिस्टिम मोडून दाखवतो," तो हसत म्हणाला.

"मोड ना! म्हणून त बलावलं तुले." बाईंनी त्या दिवशी दीडशे ग्रॅम पेढे आणून ठेवले होते. मला वाटलं, त्या जिंकल्यावर वाटायला.

मिलिंदनं पाऊण तासात मोडली. त्याच्या माणसानं मिस्त्रींच्या जादूगाराला सांगितलं, "मी माझी भीती देतो. घ्या, त्यावर मंत्र चालवा." आम्ही थक्क. भीती दिली म्हणजे देणाऱ्याचं जातंय काय? उलट फायदाच. मग त्यानं भूक दिली, थकवा दिला, दातदुखी दिली. मिस्त्री मंत्रांमागून मंत्र टाकत सुटले. पुन्हा जादूगार एकटाच सगळं करायला लागला.

मी बाईंकडे पाहिलं. वर्षभराचं काम डोळ्यांदेखत कोसळत होतं. आणि बाई उभ्या राहून नाचायच्या बेतात होत्या. "पाहा, पाहा! कुठं लपलं होतं!" त्यांनी पेढ्यांचा पुडा सोडला आणि पहिला पेढा मिलिंदच्या तोंडात कोंबला. तेव्हा मला कळलं, पेढे कशासाठी आणले होते.

"वाईट गोष्टी द्यायच्या नाही, असा नियम करून टाका," मी सुचवलं.

"नाही विजूभाऊ, नियमाले ठिगळ लावलं का दुसरीकडून फाटते. थांबा." त्या खाली बसल्या. मिलिंदकडे वळल्या. "ठीक हाये. तुह्या माणसाची भीती गेली. तो चालून राह्यला. समोर आड हाये, कठडा नाही."

"मी थांबतो," मिलिंद म्हणाला.

"काहून?"

"पडेन ना ताई!"

"पडाचं भेव त तू मिस्त्रीले देऊन टाकलं."

राठोडला आधी समजलं. तो मांडी थोपटत हसायला लागला. "गेला! गेला बावा आडात!"

"आन् भूक बी देली ना तू?" बाई आता पूर्ण रंगात होत्या. "तीन दिवस झाले, तुह्या माणसानं खाल्लं नाही. त्याले आठवलंच नाही. थकवा देला, त बसलाच नाही. आता पाय लटपटून राह्यले, पण त्याले समजत नाही. शरीर आपल्याले सांगत असते रे काहीतरी. ज्याले आपण वाईट म्हणतो ना, थे बी कामावर असते."

मिलिंदचा माणूस आडातून वर काढायला आम्हांला सगळी दुपार लागली. तो स्वतः इतका खूश होता की पुण्याला जायची गाडी चुकवली. दातदुखीचा प्रश्न मात्र सुटला नाही. "दातदुखी देली त काय बिघडते, हे मले अजून सांगता येत नाही," बाईंनी वहीत लिहून ठेवलं आणि समोर ठिपका दिला. त्यावर त्या पुढं कितीतरी महिने विचार करत होत्या.

मग ते वर्ष आलं. जिनिंग एकामागून एक बंद पडत गेल्या, आमच्याकडच्या ऑर्डरी आटल्या. एका दुपारी चारला वीज आली, पंखे फिरायला लागले आणि आम्ही कोणीच उठलो नाही. उठून करायला काम नव्हतं. मालकांनी महिन्याभरात गाशा गुंडाळला.

शेवटच्या दिवशी बारा रोलरचा एक लॉट पडून होता. तो कोणी नेणार नव्हतं. बाईंनी तरी तो मोजला आणि दोन रोलरवर ठिपका लावला. राठोड म्हणाला, "बाई, कोन घेते आता हे?"

"कोणी घेवो न घेवो. बाक हाये त हाये."

राठोडनं लेथ सुरू केली आणि ते दोन्ही रोलर नीट केले. मिस्त्री त्याच्या शेजारी उभं राहून ऑइल सोडत होते. फोरमन माणूस, पण त्या दिवशी हेल्परचं काम करत होता. बाईंनी दोन्ही पुन्हा मोजले आणि मान डोलावली. मग आम्ही शटर ओढलं. मिस्त्री शेतीकडे गेले, राठोड पुण्याला, मी यवतमाळात पंपाच्या दुकानात लागलो. मेश्रामबाई कुठं गेल्या ते बरीच वर्षं मला माहीत नव्हतं.

परवा परवाची गोष्ट. पांढरकवड्याच्या पुढे आतल्या एका आश्रमशाळेत पंपाचं सील बसवायला मी मोटारसायकलनं गेलो. दुपार उतरत होती. मुलींच्या वसतिगृहाच्या अंगणात वीस-पंचवीस जणी कोंडाळं करून बसलेल्या, आणि त्यांच्यात मांडी घालून, केस पुरते पिकलेल्या, मेश्रामबाई. शिपाई म्हणाला, वसतिगृहाच्या अधीक्षिका आहेत त्या.

मी हाक मारणार तेवढ्यात लक्षात आलं की गोष्ट त्या सांगत नव्हत्या. सांगत होती आठवीतली असेल अशी एक कोलाम मुलगी, दोन वेण्या, कमरेवर हात. आणि बाई खेळत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना खेळताना कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांची जादू पोरींनी पार बदलून टाकली होती. शेजारी उभ्या मुलीनं मला कुजबुजून सांगितलं. मंत्र म्हणजे नुसतं नाव. पाखराचं नाव घेतलं तर उडता येतं, मासोळीचं घेतलं तर पोहता येतं. पण मराठीत नाही. पोरींच्या घरच्या भाषेत, कोलामीत नाहीतर गोंडीत, आणि उच्चार बरोबर असला तरच. त्यामुळे त्या अंगणात सगळ्यात मोठ्या जादूगारणी त्या मुली होत्या, आणि सगळ्यात कच्च्या मॅडम.

गोष्टीत बाई एका कड्यावर अडकल्या होत्या. त्यांनी एका पाखराचं नाव घेतलं. दोन वेण्यांवालीनं मान हलवली. "नाही मॅडम. तुमी धडाधड पडून राह्यल्या."

"थांब, थांब, पुन्हा म्हणते." त्यांनी पुन्हा म्हटलं. अख्खं अंगण खिदळलं. त्यांनी काहीतरी भलतंच म्हटलं असावं, कारण दोघी-तिघी तर लोळायलाच लागल्या.

बाईंनी डोळे मिटले. ओठांवर तो शब्द हळूहळू जुळवला, जीभ कुठं लावायची ते चाचपत. मग म्हणाल्या. मला ऐकून काही कळलं नाही.

दोन वेण्यांवालीनं कमरेवरचे हात काढले आणि म्हटलं, "हो."

बाई उठल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, दोन्ही हात पसरले आणि अनवाणी धावत सुटल्या, अंगणभर, हँडपंपाला वळसा घालून, वाळत घातलेल्या फ्रॉकांखालून. "उडाली! उडाली वं मी!" आणि त्यांच्या मागं हात पसरून सगळ्या पोरी.

पंपाचं सील हातात धरून मी फाटकाशी उभा होतो. माझ्यापासून चार हातांवरून त्या गेल्या आणि त्यांनी मला पाहिलंही नाही. मी हाक मारली नाही. त्या खूप वर होत्या.